ठेकेदाराकडे मजुरांचा विमा नसेल तर घराचं काम त्याला द्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: गावाकडच्या जुन्या दुमजली घराला बाहेरून रंग आणि गच्चीला वॉटरप्रूफिंग करायचंय. दोन ठेकेदारांपैकी एकाचा दर ३० हजारांनी कमी आहे, पण त्याने मजुरांचा विमा काढलेला नाही. यात घरमालकाला नेमका धोका काय?

मी या प्रसंगातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१९ च्या मे महिन्यात आमच्या सांगलीच्या घराला रंग द्यायला काढला होता. ठेकेदार ओळखीतला, काम चांगलं, दर कमी. विम्याचं मी विचारलंच नाही. तेव्हा ते डोक्यातही आलं नव्हतं. मागच्या बाजूला बांबूची परांची बांधली होती. सकाळी आईने झाडांना पाणी घातलं होतं, ते मातीत मुरलेलं. अकराच्या सुमारास एका बांबूचा पाय त्या ओल्या मातीत खचला, परांची कलली आणि वरचा पेंटर चौदा-पंधरा फुटांवरून धुण्याच्या दगडाशेजारी पडला. उभ्यानेच आदळला, त्यामुळे टाचेचं हाड आणि कमरेचा मणका, दोन्ही गेलं.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. केसपेपर करणाऱ्याने नाव विचारलं आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. चार दिवस तो आमच्या घरी चहा पीत होता, पण त्याचं पूर्ण नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मुकादमाने खिशातली डायरी काढली. त्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं, ‘पेंटर ३, हेल्पर २’. बस. ते पान आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

कामावरून पडलेला माणूस म्हणजे मेडिको-लीगल केस, त्यामुळे पोलिसांना कळवलं गेलं. हवालदाराचा पहिला प्रश्न होता, ‘कामावर कुणी ठेवलं?’ ठेकेदार दोन दिवस आला, तिसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद. पेंटर विजापूरकडचा, शिधापत्रिका कर्नाटकातली. आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्राच्या कार्डावर चालते. त्याची बायको दोन लेकरांना घेऊन रात्रीच्या गाडीने आली आणि माझ्यासमोर नुसती उभी राहिली. ऑपरेशनचा खर्च आम्ही केला. कायद्याने तो आमच्यावर होता का, हे त्या क्षणी विचारण्यासारखंच नव्हतं.

आता कायद्याचं. कामावर मजुराला इजा झाली किंवा तो गेला, तर भरपाई देण्याची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाची, हा १९२३ च्या कायद्यापासूनचा नियम आहे. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेलाय आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. मृत्यू झाला तर मासिक मजुरीच्या ५० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. २०२० पासूनची १५,००० रुपये मजुरीची मर्यादा धरली, तर रक्कम होते १५,५९,८५०. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५० च्या जागी ६० टक्के. दवाखान्याचा खर्च वेगळा, आणि रक्कम महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज.

हे पैसे ठेकेदाराने द्यायचे की तुम्ही? ठेकेदार खरा स्वतंत्र असेल आणि घर तुमचं राहतं असेल, तर ‘मी धंद्यासाठी काम दिलं नव्हतं’ असा मुद्दा तुम्हाला मांडता येतो. पण मांडावा लागतो तो कामगार न्यायालयात, वकील देऊन, तारखांना जाऊन. नाक्यावरून मजूर तुम्ही स्वतः आणले आणि रोजची मजुरी तुम्हीच देत असाल, तर त्यांचे मालक तुम्हीच ठरण्याची शक्यता खूप वाढते. मृत्यू झाला आणि तुमची हयगय दिसली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फौजदारी बाजू कुठलाही विमा उचलत नाही.

‘माझ्या घराचा विमा आहे’ असं पुष्कळजण म्हणतात. भारत गृह रक्षासारखी पॉलिसी आग, पूर, भूकंप, फुटलेली टाकी यांसाठी असते. पडलेल्या मजुराचा त्यात काही संबंध नाही.

लागते ती डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे मजुरांच्या भरपाईचा विमा. ठेकेदार हे नाव बरोबर ओळखतात. नुसतं ‘आहे हो साहेब’ यावर थांबू नका, कागद हातात घ्या. मजूर किती दाखवलेत, मजुरी किती दाखवलीय, तारखा आपल्या कामाच्या आहेत का, पत्ता आपला आहे का, हे वाचा. कामाचं स्वरूप तर नक्कीच बघा. घरातलं किरकोळ रंगकाम लिहिलेलं असेल आणि माणूस परांचीवर चढत असेल, तर दाव्याच्या वेळी तिथेच अडतं. ठेकेदाराने पोटठेकेदार आणला तर त्याची माणसं पॉलिसीत वेगळी घ्यावी लागतात. दवाखान्याच्या खर्चाचं कलमही बरेचदा वेगळं जोडून घ्यावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं. आमच्या बाबतीत सगळा खर्च दवाखान्याचाच होता.

शेजाऱ्याची भिंत, फुटलेली पाइपलाइन, खराब काम, हे धोकेही आहेतच. पण त्यात नुकसान पैशात मोजता येतं, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. जुनं घर आहे म्हणता, तर जाता जाता सेप्टिक टँक साफ करून देतो असं कुणी म्हणेल. माणूस आत उतरवू देऊ नका, विमा असला तरी नाही. सुरक्षा साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नगरपालिकेची सक्शन गाडी बोलवा.

तुमच्या स्वस्त ठेकेदाराला लगेच नकार द्या असं मी म्हणणार नाही. लहान ठेकेदार विमा काढत नाही, कारण कुणी मागतच नाही. त्याला सांगा, प्रीमियम मी भरतो, पॉलिसी तुमच्या नावाने काढा, त्यात काम देणारा म्हणून माझं नाव आणि या घराचा पत्ता घाला. चार-पाच माणसं, दीड-दोन महिने, एवढ्याला रंगाच्या एका मोठ्या ड्रमाच्या आसपास खर्च येतो. शिवाय मजुरांना विचारा, बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा चालू आहे का. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. दवाखान्याचा खर्च त्यातून मिळत नाही, पण घरच्यांना काहीतरी हाताशी लागतं.

आणि पहिल्या दिवशी एका वहीत प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, घरच्यांचा फोन नंबर स्वतः लिहून घ्या. आमच्याकडे आता सुतार एका दिवसासाठी आला तरी आई आधी वही काढते.