कोळसा खाणीजवळ वन्यप्राणी टिकू शकतात का?

टिकतात, पण सगळे नाही. उघड्या खाणीत जंगल तोडलेलं दिसतं; पाण्याचं नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. खाण कोरडी ठेवायला सतत उपसा करावा लागतो, त्यामुळे आसपासची भूजलपातळी खाली जाते आणि उन्हाळ्यात पाणवठे लवकर आटतात. शिवाय कोळशासोबतच्या खडकात अनेकदा पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. हवा-पाणी लागलं की त्यातून आम्ल तयार होतं. जर्मनीतल्या लाउझिट्स भागात खाणखड्ड्यांत तयार झालेल्या काही तळ्यांचा सामू (pH; 7पेक्षा जितका कमी, तितकं पाणी आम्लधर्मी) 3च्या आसपास नोंदला गेला आहे. अशा पाण्यात मासे जगत नाहीत.

उलट, काही जीवांना इथे आसरा मिळतो. मातीच्या उभ्या कड्यांत वेडे राघू बिळं करतात, बंद भुयारांत वटवाघळं राहतात. म्हणून जुनी भुयारं बुजवण्याआधी तपासायलाच हवीत.

खाणकामानंतर वन्यजीव परत यायचे असतील, तर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वरच्या 15-30 सेंटिमीटर मातीची. स्थानिक बिया आणि सूक्ष्मजीव त्यातच असतात. ती वेगळी काढून लवकर परत पसरली, तर गवत उगवतं, कीटक येतात, मागोमाग पक्षी येतात. खाणीतून काढलेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्यावर नुसती एकाच जातीची झाडं लावली, तर लांबून हिरवं दिसतं, पण त्यात खायला काही नसतं.