तेल, तीळ आणि खोबरेलमधलं 'एल'

विचारणाऱ्या ताईंचे प्रश्न तीन आहेत. 'तेल' हा शब्द तिळावरून आला असेल तर 'तिळाचं तेल' म्हणणं चूक ठरतं का? खोबरेल आणि एरंडेल यांच्या शेवटी येणारं 'एल' कुठलं? आणि आजीच्या वहीत पानोपानी 'गोडेतेल' लिहिलंय, ते नेमकं कोणतं? तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूळ शब्द. संस्कृतात 'तिल' म्हणजे तीळ आणि 'तैल' म्हणजे तिळापासून झालेलं, तिळाचं. लोहापासून लौह, तसं तिलापासून तैल. म्हणजे हो, मुळात तेल म्हणजे फक्त तिळाचंच. हडप्पाच्या उत्खननात तिळाचे जळके दाणे मिळालेत, इतकं हे पीक आपल्याकडे जुनं. ज्या बीतून पहिल्यांदा भरपूर तेल निघालं, तिचंच नाव त्या पदार्थाला पडलं.

मग हे मराठी माणसाच्या सहज लक्षात का येत नाही? हिंदीत 'तिल' आणि 'तेल' शेजारी ठेवले की नातं लगेच दिसतं. आपल्याकडे एकात 'ळ' आहे आणि दुसऱ्यात 'ल', त्यामुळे दोन शब्द परके वाटतात. याचं कारण मला फार सुंदर वाटतं. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकेरी 'ल' मराठीत येताना 'ळ' होतो: फल–फळ, काल–काळ, तिल–तीळ. पण प्राकृतात जिथे जोड 'ल्ल' होता, तिथे मराठीत 'ल' तसाच राहिला. 'तैल'चं प्राकृत रूप 'तेल्ल' असं जोडाक्षरी झालं, म्हणून आपण 'तेळ' म्हणत नाही, 'तेल' म्हणतो. हाच नियम पडताळायचा असेल तर गळा आणि गाल हे शब्द बघा. 'गल'चा गळा झाला, 'गल्ल'चा मात्र गाल. एका 'ल'च्या दुपटीमुळे तीळ आणि तेल यांची मराठीत ताटातूट झाली.

आता 'तिळाचं तेल' चूक का, याबद्दल. अजिबात चूक नाही, आणि ही आजची पळवाटही नाही. चरकसंहितेत स्नेहांच्या, म्हणजे तेल-तुपासारख्या स्निग्ध पदार्थांच्या, अध्यायात स्पष्ट म्हटलंय, 'सर्वेषां तैलजातानां तिलतैलं विशिष्यते', सगळ्या तेलांमध्ये तिळाचं तेल श्रेष्ठ. त्याच ठिकाणी विरेचनासाठी, म्हणजे जुलाब देऊन पोट साफ करायला, एरंडाचं तेल सांगितलंय. म्हणजे 'तैल' हा शब्द तेव्हाच तिळापासून सुटून कुठल्याही बियांच्या तेलाला लागू झाला होता आणि तिळाचं तेल सांगायचं तर 'तिल' पुन्हा जोडावं लागत होतं. संस्कृत वैयाकरणांपुढेही हा पेच होता. एरंडतैल, इंगुदी नावाच्या झाडाच्या बियांचं इंगुदीतैल, यांत तीळ कुठेच नाही, मग तैल कसं म्हणायचं? त्यांनी सरळ 'तैल' हा स्नेह या अर्थाचा प्रत्ययच मानून टाकला. त्यामुळे कुणी 'तिळाचं तेल ही द्विरुक्ती आहे' असं सांगून तुम्हाला दुरुस्त करू लागलं तर ऐकू नका.

आणि हे फक्त संस्कृतातच झालेलं नाही. तमिळमध्ये तेलाला 'एण्णेय्' म्हणतात. त्याची फोड 'एळ्' म्हणजे तीळ आणि 'नेय्' म्हणजे तूप किंवा स्निग्ध पदार्थ. कन्नडमधलं 'एण्णे' तेच. संक्रांतीला कर्नाटकात जे 'एळ्ळु-बेल्ल' वाटतात ते आपलं तिळगूळच, त्यातला 'एळ्ळु' म्हणजे तीळ. तिकडेही आता शेंगदाण्याच्या तेलाला निःसंकोच एण्णेच म्हणतात. इंग्रजीतलं 'ऑइल' लॅटिनमार्गे ग्रीक भाषेतल्या ऑलिव्हच्या नावापर्यंत जातं. जिथे जी बी किंवा जे फळ मुबलक, तिथे त्याच्या नावावरून सगळ्याच तेलांना नाव मिळालं. (तूप मात्र वेगळ्या घरचं. प्राकृतात 'तुप्प', कन्नडात आजही 'तुप्प'. शेजारच्या हिंदी-गुजरातीत 'घी' असताना मराठीने कन्नडशी जुळणारा शब्द धरून ठेवला.)

खोबरेलमधलं 'एल' हे तेलच आहे, त्यातला 'त' तेवढा गळालेला. प्राकृतात शब्दाच्या मध्ये आलेलं एकेरी व्यंजन बरेचदा झिजून जातं. चतुर्थचं चौथा झालं, देवकुलचं देऊळ झालं. 'कुल' सुटं असताना त्याचं कुळ होतं, क टिकतो. देवकुलात तो मध्ये सापडला आणि गेला. अगदी तसंच 'तैल' सुटं असताना तेल झालं आणि 'एरंडतैल'मध्ये त मधोमध आल्याने एरंडेल झालं. पुढे हा साचाच पडला: खोबऱ्याचं ते खोबरेल, करडईचं करडेल, करंजाचं करंजेल, उंडीचं उंडेल. यातले खोबरेल आणि एरंडेल सर्रास चालतात, बाकीचे आता क्वचित कानावर पडतात. करडेल हा शब्द तर परत वापरात यावा असं मला मनापासून वाटतं. 'करडईचं तेल' म्हणायला जितका वेळ लागतो, त्याच्या अर्ध्यात काम होतं, आणि शब्द अस्सल आपला आहे.

या मालिकेत एक पाहुणा फार चपखल बसलाय, तो म्हणजे रॉकेल. 'रॉक ऑइल' म्हणजे दगडातून आलेलं तेल, त्याचं मराठी तोंडात रॉकेल झालं आणि एरंडेलच्या शेजारी असं जाऊन बसलं की त्याचं मूळ परदेशी आहे हे जाणवतही नाही. 'पेट्रोलियम'चाही अर्थ हाच, शिळातेल. आज वर्तमानपत्रात 'कच्च्या तेलाचे भाव' म्हणजे खनिज तेल, आणि घरात ठेच्यावर घालायचं 'कच्चं तेल' म्हणजे न तापवलेलं शेंगदाण्याचं. दोन्ही अर्थ एकाच घरात सुखाने नांदतात.

आता गोडेतेल. इथे 'गोड' म्हणजे साखरेसारखं नव्हे. मराठीत गोडं पाणी म्हणजे खारं नसलेलं, पिण्याजोगं. गोडं वरण म्हणजे तिखट-आंबट न घातलेलं. तसं गोडेतेल म्हणजे खाण्याजोगं तेल. त्याच्या विरुद्ध करंज, उंडी, कडुलिंब यांची कडू तेलं, जी दिव्याला, अंगाला, जनावरांच्या जखमांना वापरायची. म्हणजे गोडेतेल हे कुठल्या बीचं नाव नाही, ते त्या तेलाचा उपयोग सांगतं. त्यामुळे वही कुठल्या भागातली आणि कुठल्या काळातली यावर त्याचा अर्थ ठरतो. पुण्या-मुंबईकडच्या गेल्या दोन-तीन पिढ्यांच्या वहीत ते बहुतेक शेंगदाण्याचं. मराठवाडा-सोलापूरकडे करडईचं असू शकतं. त्याहून जुन्या लिखाणात तिळाचं. पूर्व विदर्भात जवसाचं तेल खाण्यात होतं, डोंगराळ भागात कारळ्याचं, म्हणजे खुरासणीचं. कोकण-गोव्यात खोबरेल हे तिथल्या स्वयंपाकाचं तेल, देशावरच्या माणसाला मात्र ते आधी केसांचं वाटतं.

शेंगदाणा हा दक्षिण अमेरिकेतून आलेला. आल्यावर आपण त्याला 'भुईमूग' म्हटलं, जमिनीखालचा मूग, आणि इतका आपला केला की दक्षिण महाराष्ट्रात 'शेंगतेल' म्हटलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. सूर्यफूलही अमेरिकेतलं, सोयाबीन चीनचं. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतं आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा आहे. शब्द तोच राहिला, कढईतला पदार्थ मात्र बदलत गेला. याची मला खंत वाटते, कारण प्रत्येक तेलाबरोबर त्या भागाची एक चव होती आणि एका पारदर्शक, वास नसलेल्या तेलाने ती पुसत आणली.

जिथून हे तेल यायचं त्या घाण्याचाही एक शब्द स्वयंपाकघरात टिकून आहे. लाकडी घाण्यात मधल्या खोलगट भागात तीळ टाकायचे, वर थोडं पाणी शिंपडायचं म्हणजे तेल लवकर सुटतं, आणि बैल फिरू लागला की उभी लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, कडेकडेने दाबत जाते. हळूहळू तेल वेगळं होतं, पेंड कडेला चिकटून घट्ट होते. एका वेळी जेवढं दाणं घाण्यात मावतं, तो एक घाणा. तिथूनच आपण 'भज्यांचा पहिला घाणा निघाला' म्हणतो. कढईत एका वेळी जेवढं सोडलं तेवढा एक घाणा. ज्यांनी बैलाचा घाणा कधी पाहिलेला नाही अशी मुलंही हा शब्द बरोबर वापरतात.

घाण्याचा विषय निघालाच आहे तर शनवार तेल्यांची आठवण काढली पाहिजे. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली, मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत. त्यांच्या धर्माप्रमाणे शनिवारी काम बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले.

म्हणींचं म्हणाल तर एकच सांगतो, कारण ती फार उलटी वापरली जाते. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलहि गळे' ही ओळ सतराव्या शतकातल्या वामनपंडितांची, भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचा अनुवाद. शाळेच्या भिंतीवर ती प्रयत्नांचं महत्त्व सांगायला लिहितात. पूर्ण श्लोक मात्र म्हणतो की वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन वळवता येणार नाही. मूळ संस्कृतातही 'सिकतासु तैलम्' असंच आहे, वाळूतलं तैल.

शेवटी आजीच्या वहीबद्दल. लोणच्याच्या पाककृतीत गोडेतेल असेल तर घाण्याचं शेंगदाण्याचं किंवा तिळाचं घ्या. चांगलं कडकडीत तापवून पूर्ण गार करा, मगच मोहरी-मेथीच्या मसाल्यावर ओता. दिवाळीच्या अभ्यंगासाठी लिहिलं असेल तर तिळाचंच. आणि 'मोहनाला गोडेतेल' असेल तर घरात जे रोजचं तेल असेल ते चालतं, फक्त पिठावर ओतताना चर्र आवाज आला पाहिजे.