शाळेत तोंड उघडत नाही, शिकवणी लावू का?

"घरात आमचो झील बडबड करता, शाळेत तोंड उघडना नाय. बाई म्हणतत शिकवणी लावा. लावू काय?"

मालवणजवळच्या एका वाडीतल्या आईचा हा प्रश्न. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. वडील बोटीवर खलाशी, आई सकाळी मासळी घेऊन बाजारात. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) किनाऱ्यावरच्या गावांतून ही काळजी बऱ्याचदा ऑगस्टनंतर कानावर येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, वडील घरी असतात. बंदी उठली की बोटी जातात, घराची घडी बदलते आणि शाळेत नुकतंच रुळू लागलेलं मूल पुन्हा आखडतं.

शिकवणी लावून इथे काही साधलं नसतं. मुलगा वाचत होता, पाढेही पाठ होते. अडत होतं ते चारचौघांत बोलण्यापाशी, आणि शिकवणीत पुन्हा तेच प्रश्न, तीच चुकायची भीती.

आधी दोन गोष्टी पडताळल्या. पहिली, कान. सर्दी मुरून कान वाहणारी मुलं नीट ऐकू येत नाही म्हणून गप्प बसतात आणि लाजरी ठरतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा कानांचं आवर्जून सांगावं, नाहीतर सरकारी रुग्णालयात दाखवावं. दुसरी, मौन किती पक्कं आहे. शाळेचा पहिला महिना सोडून पुढे महिनाभराहून जास्त काळ मूल शाळेत बोलतच नसेल आणि घरी मोकळं बोलत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायलाच हवं. हा मुलगा मधल्या सुट्टीत मात्र मनसोक्त ओरडायचा. पहिलीत असताना तो वर्गात "माका येना नाय" म्हणाला आणि सगळे हसले. घरची बोली लाजेची आहे, एवढंच त्यातून तो शिकला.

वाडीतल्या समाजमंदिराच्या पडवीत शाळा सुटल्यावर दीड तास एक वर्ग चालायचा. बारा मुलं, एक ताई, पहिली ते पाचवी एकत्र. तिथे घालायचं ठरलं. अंतर पाच मिनिटांचं, हे फार महत्त्वाचं. पावसात लांब जावं लागलं की असे वर्ग आठवड्याभरात सुटतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं येत नाहीत म्हणून तिथे बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. आजही तेच लागू पडतं.

ताईंना सांगितलं ते असं. आल्यावर पहिली पंधरा मिनिटं खाणं, केळं किंवा शेंगदाणे-गूळ. भुकेल्या मुलाकडून धिटाईची अपेक्षा करू नये. पहिले दोन आठवडे त्याला थेट प्रश्न विचारायचा नाही. शेजारी बसून आपणच बोलायचं: "मी ही होडी निळी करते." मालवणीत बोलला तर मालवणीतच उत्तर. आणि त्याच्याकडे रोजचं एक काम, जे त्याने केलं नाही तर इतरांचं अडेल.

काम सापडलं फळ्यावर. मुलं शनिवारी तिसऱ्या प्रहरी किनाऱ्यावर शिंपले गोळा करायला जात, म्हणून ताई रोज उद्याच्या भरतीची वेळ लिहीत. एकदा त्यांनी 'तीन' लिहिलं. मागून बारीक आवाज आला, "ताई, ता चुकला. उद्या पंचमी." आजोबांनी शिकवलेला हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. त्याला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, येत नव्हती; तो रोज पाऊण तास पुढे मोजायचा. ताईंनी कौतुकाचा गजर केला नाही, ही त्यांची समज. खडू त्याच्या हातात दिला, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून फळा त्याचा.

मग एक चूक झाली. तिसऱ्या आठवड्यात पाहुणे आले आणि कुणीतरी त्याला पुढे उभं करून "भरतीचं सांग रे सगळ्यांना" म्हटलं. तो रडला, चार दिवस आला नाही. मोठ्यांना वाटतं, एकदा स्टेजवर ढकललं की भीड मोडेल. मोडते कधीकधी, पण बहुधा उलटं होतं: धडधड, घाम, अडकलेला शब्द, आणि ते सगळं "मला जमत नाही" याच्या खात्यात जमा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं, की स्वतःवरचा विश्वास सर्वांत जास्त येतो तो स्वतः काही जमवून दाखवल्याने. आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमताना पाहणं आणि कुणी धीर देणं याने हातभार लागतो, आणि अंगाला कशी धास्ती भरते त्याचाही परिणाम होतो. म्हणूनच पहिली ते पाचवी एकत्र असलेला वर्ग चांगला; तिसरीतला मुलगा अडखळत का होईना बोलताना दिसतो.

पायऱ्या पुन्हा खालून धरल्या. आधी फक्त लिहायचं. मग एका मित्राला वाचून दाखवायचं. मग तिघांना. मग नव्याने आलेल्या पहिलीतल्या मुलीला हिशेब शिकवायचा. प्रत्येक पायरीवर निदान चार-पाच दिवस, घाई नाही. घरीही दोन बदल: "आज बोललास काय?" हे विचारणं बंद, आणि कुणी त्याला काही विचारलं तर आईने त्याच्या वतीने उत्तर न देता मनात पाचपर्यंत मोजायचं. आईला दुसरा बदल जड गेला. प्रेमापोटीच आपण मुलांचे शब्द उचलतो.

वर्ग निवडताना ताईला विचारा: किती मुलांमागे एक मोठं माणूस? बारा-पंधराच्या वर असतील तर गप्प मूल हरवतं. गृहपाठ किती वेळ? अर्ध्या तासाहून जास्त असेल तर ती शिकवणीच. शांत मुलाला काय काम देता? "त्याला हळूहळू बोलतं करू" एवढंच उत्तर आलं तर दुसरा वर्ग बघा.

दिवाळीनंतर शाळेत तो अजून हात वर करत नव्हता, पण बाईंनी विचारलं तर उत्तर देत होता, हळू आवाजात. वाडीतल्या वर्गात पहिलीतली ती मुलगी एक दिवस फळ्यावर चुकीची वेळ लिहून गेली. त्याने पुसली नाही. तिला हाक मारून म्हणाला, "गो, तिथी कितवी ता आधी बघ."