गावाच्या आठवणी आणि गावाचा हिशेब

प्रश्न : आमच्या गावातील काही तरुण १९७२च्या दुष्काळाच्या आठवणी वृद्धांकडून ऐकून मोबाईलवर ध्वनिमुद्रित करत आहेत. रखडलेल्या पाणीयोजनेचे चित्रणही आम्ही करतो. परंतु व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेले सारे दोन दिवसांत मागे पडते. याचा टिकाऊ उपयोग कसा व्हावा?
— एक वाचक, माण तालुका

उत्तर : आपले काम मोलाचे आहे, त्याला नोंदीची जोड द्या. हेमा राईरकर, गी पॉइत्वाँ या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि गाणारीचे नाव-गावही टिपून ठेवले. त्यामुळे २०१७पासून त्या ग्रामीण भारताच्या जीवनाची नोंद ठेवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या, तेव्हा ओवीबरोबर ती गाणारी बाईही वाचकांना भेटली. आपणही प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत बोलणाऱ्याचे नाव, वस्ती आणि तारीख वहीत लिहा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या चित्रणाचा दर्जा बहुधा उतरतो, म्हणून मूळ फाईल दोन ठिकाणी जपून ठेवा.

‘दुष्काळ कसा होता?’ असे विचारले, तर ‘लई वाईट’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी ‘आजी, कामावरची सुकडी घरी कशात बांधून आणायचा?’ असे विचारा (सुकडी म्हणजे दुष्काळी कामावरच्या मजुरांना मिळणारे कोरडे खाणे) आणि मग मध्ये न बोलता थांबा. पदराची गाठ, खडी फोडून सोललेले हात, मिलो या परदेशी लाल ज्वारीची भाकरी, असे एकेक त्या स्वतःच सांगू लागतील.

पाणीयोजनेचे काम मात्र वेगळ्या शिस्तीचे आहे. कोरड्या नळाचे चित्रण कितीही बोलके असले, तरी त्याच्या शेजारी कागद हवा. पंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर पाहता येतो; काम सुरू करण्याचा म्हणजे कार्यारंभ आदेश आणि झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या मोजमाप पुस्तिकेची प्रत माहिती अधिकारात मागा, त्याचे उत्तर साधारणपणे ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. त्यानंतर ते चित्रण ग्रामसभेत दाखवून प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या; ग्रुपवरचा संताप इतिवृत्तात येत नाही.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगेन. उपासमारीच्या दिवसांविषयी बोलताना एखादी आजी असे काही सांगून जाते, जे नातवंडांनी ऐकावे असे तिला वाटत नसते. म्हणून ध्वनिमुद्रण कोणालाही पाठवण्यापूर्वी ते आधी तिलाच ऐकवा आणि ती ‘एवढं काढ’ म्हणाली, तर तेवढे काढून टाका.