छोट्या धंद्यात टार्गेटच्या किती जवळ आलो ते कसं मोजायचं?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत टार्गेट ठरवता पण मार्च उजाडेपर्यंत आपण कुठे आहोत तेच कळत नाही, आणि धंदा सांभाळून हिशोबाला वेळ कुठून काढायचा. मी सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगदाणा चटणी करून विकते, घरातूनच सुरू केलं, सहा वर्षं झाली, आता चार बायका कामाला आहेत. पहिली दोन वर्षं माझंही असंच चालायचं म्हणून लिहिते.

माझं टार्गेट होतं महिन्याला लाखाची विक्री. ती झाली पण, गड्ड्याच्या जत्रेच्या (आमची सिद्धेश्वराची यात्रा) महिन्यात, आणि नेमकं त्याच महिन्यात शेंगदाण्याच्या व्यापाऱ्याला द्यायला माझ्याकडे पैसे नव्हते. वहीत लाख दिसत होते पण निम्मे दुकानदारांकडे उधारीत अडकलेले. तेव्हापासून नुसती विक्री बघणं सोडलं. गिऱ्हाईक येणं न येणं आपल्या हातात नाही, जे हातात आहे ते रोज लिहायचं.

रोज रात्री तीनच गोष्टी लिहिते, पाच मिनिटं लागतात. किती किलो पिठात किती भाकरी निघाली, त्यातली किती मोडली, आणि आज कुणाकडून किती पैसे आले. मोडण्याचं मुद्दाम सांगते. कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि कुरकुरीत असते, पार्सलमध्ये मोडतेच. मला वाटायचं 100 मागे चार-पाच मोडत असतील, पुण्याच्या दुकानदाराकडून महिनाभर रोज विचारून लिहिलं तर 11 निघाल्या! मग शोधलं कुठे मोडतात, तर खोक्यात वर चार बोटं जागा मोकळी राहायची आणि प्रवासात भाकऱ्या त्यात आपटायच्या. खोकं मापाचं करून घेतलं, आता 5 वर आलंय. विक्री तेवढीच पण हातात पैसा जास्त राहतो, हे लिहिलं नसतं तर कधीच कळलं नसतं.

चटणीचंही तसंच, 10 किलो कच्चे दाणे भाजून साल काढली की माझ्याकडे सव्वानऊच्या आसपास भरतात आणि मी दर काढत होते कच्च्या दाण्याचं वजन धरून, म्हणजे प्रत्येक किलोमागे थोडं थोडं घरचंच घालत होते.

उधारीसाठी वेगळं पान ठेवा. रक्कम तर लिहाच, पण माल दिल्याची तारीख लिहा आणि दर रविवारी किती दिवस झाले ते मोजा. तुम्ही माल स्वतः बनवत असाल तर उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधी करून घ्या, ऑनलाइन होतं, फी नाही. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. मी कुणावर केस केलेली नाही, पण बिलावर उद्यम नंबर आणि देय तारीख छापायला लागल्यापासून दोन जुनी गिऱ्हाइकं वेळेवर द्यायला लागली.

आणि हो, जानेवारीची तुलना फेब्रुवारीशी करू नका, मागच्या जानेवारीशी करा. रब्बीची नवी ज्वारी बाजारात आली की मी वर्षाची भरून ठेवते, त्या महिन्यात खातं रिकामं दिसतं आणि जीव घाबरतो, म्हणून तो खर्च 12 महिन्यांत वाटून लिहिते.

ॲप की वही विचारलंत, तर मी दोन ॲप वापरून बघितले, कामाच्या हातांना पीठ-तिखट लागलेलं असतं त्यामुळे मोबाईल धरवत नाही, भिंतीला खिळ्यावर टांगलेली वहीच टिकली. महिनाअखेरीला मुलगी एक्सेलमध्ये भरून देते.

टार्गेट आता एकच ठेवलंय, चटणी कुटायचं मशीन, 65 हजारांचं. वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिलंय आणि दर रविवारी जमलेल्या पैशातून बाजूला काढलेली रक्कम त्याखाली. सुरुवातीला आठवड्याला 500 सुद्धा निघत नव्हते, आता दीड हजाराच्या आसपास निघतात. परवाच्या रविवारी 41 हजार झाले.