मांसासाठीच्या जनावरांना कत्तलीआधीच्या शेवटच्या टप्प्यात प्रथिनांसाठी पेंड द्यावी की युरिया?

जनावराचं वजन पाहून ठरवा. मक्यावर पोसताना अखेरच्या टप्प्यात शुष्क आहारात (पाणी वगळून मोजलेल्या आहारात) साधारण 12 ते 14 टक्के कच्ची प्रथिने (नायट्रोजनवरून मोजलेली एकूण प्रथिने) लागतात. मक्यात स्वतःची साधारण 8-9 टक्केच असतात, उरलेली पेंड किंवा युरियातून भरायची. जनावर लहान आणि वाढ जोरात असेल तर सोयाबीन पेंडच द्या, तिथे बचत नको. अंग भरलं की कोठीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातले) जिवाणू मक्यातल्या स्टार्चच्या जोरावर युरियापासूनही प्रथिने बनवतात. पण युरिया शुष्क आहाराच्या 1 टक्क्याच्या आत, हळूहळू वाढवत आणि अगदी एकजीव मिसळून. उपाशी जनावराला तर नकोच! गुठळी पोटात गेली तर अमोनियाच्या विषबाधेने ते थोड्या वेळातच दगावू शकतं. गरजेपेक्षा जास्त प्रथिने देऊन मांस वाढत नाही, जादा नायट्रोजन लघवीतून जातो.