दुसऱ्यांदा हलवावं लागू नये म्हणून

प्रिय मुली,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. अल्झायमर झालेल्या आत्यांसाठी केअर होम शोधते आहेस, तीन ठिकाणं डोक्यात आहेत आणि "बाई, यातलं चांगलं कसं ओळखायचं?" असं विचारलं आहेस. सांगते, पण जागा बघायला जाण्याआधी वही-पेन घेऊन बस. पैशांचं आधी आणि जागेचं नंतर. हा क्रम मी उलटा केला आणि त्याची किंमत माझ्या यजमानांनी मोजली.

त्यांनाही अल्झायमर होता. काही वर्षं घरी सांभाळलं, मग रात्री दार उघडून बाहेर पडायला लागले तेव्हा केअर होम निवडलं. भरपूर उजेड, मोठी बाग, बोलायला गोड माणसं. जवळचे पैसे साधारण दोन वर्षं पुरतील हे मला माहीत होतं. पुढचं पुढे बघू, म्हटलं. तिसऱ्या वर्षी त्यांना तिथून काढून स्वस्त ठिकाणी न्यावं लागलं. पहिल्या ठिकाणी ते एक गोष्ट शिकले होते: खोलीतून बाहेर पडून डावीकडे वळलं की खिडकी, खिडकीपाशी खुर्ची. नव्या ठिकाणी डावीकडे भिंत होती. कित्येक आठवडे ते रोज सकाळी त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहायचे. तिथल्या कोणाचीच चूक नव्हती. हिशोब मी केला नव्हता.

म्हणून तुझ्या तिन्ही ठिकाणांना माझा एकच प्रश्न आहे. आत्या शेवटपर्यंत इथे राहू शकतील का? पैशांच्या दृष्टीनेही आणि आजाराच्या दृष्टीनेही.

अल्झायमरचं निदान झाल्यावर माणसं सर्वसाधारणपणे ४ ते ८ वर्षं जगतात, काही जण २० वर्षंही. आत्यांचं शरीर ठणठणीत आहे असं तूच लिहिलं आहेस, तेव्हा हिशोब लांबचा धर. आजचं मासिक शुल्क १०० मानू आणि ते दरवर्षी १० टक्क्यांनी वाढतं असं धरू. सहाव्या वर्षी तेच शुल्क १६१ झालेलं असतं. सहा वर्षांचे महिने ७२, पण तुझ्या खिशातून आजच्या दराचे जवळजवळ ९३ हप्ते जातात. शिवाय आजार वाढला की 'काळजीची पातळी' वाढली म्हणून शुल्काचा टप्पा बदलतो, तो वेगळा. डायपर, औषधं, डॉक्टरांची भेट, हॉस्पिटलात सोबत पाठवलेला माणूस, हे शुल्कात धरलेलं आहे की वरचं, ते लेखी माग. तोंडी सगळं "होऊन जाईल" असतं.

आरोग्य विम्यावर फार भिस्त ठेवू नकोस. तो मुख्यतः उपचारांसाठी असतो. अंघोळ घालणं, भरवणं, रात्री लक्ष ठेवणं हा रोजचा सांभाळ बहुतेक पॉलिसींत बसत नाही. या सांभाळासाठी जर्मनीने १९९५ पासून आणि जपानने २००० पासून वेगळा सामाजिक विमाच सुरू केला, तरीही तिथल्या कुटुंबांना काही वाटा स्वतः उचलावा लागतो. तुम्हाला अशी कुठली योजना लागू होते का, आत्यांच्या नोकरीचं निवृत्तिवेतन किंवा जुनी एखादी पॉलिसी आहे का, हे आधी शोध.

आता थोडं कठोर बोलते. आत्यांच्या सांभाळासाठी आधी आत्यांचे पैसे वापरायचे. त्यांची पुंजी, गरज पडली तर त्यांचं घरही. नातेवाईक नाकं मुरडतील, "म्हातारीचं घर विकलं" म्हणतील. पण आयुष्यभर त्यांनी साठवलं ते कशासाठी? तू तिशीतही नाहीस. स्वतःची बचत मोडून, नोकरी सोडून उभी राहिलीस तर चार वर्षांनी आत्यांनाही कोणी नाही आणि तुलाही. त्यांच्या खर्चाचं खातं वेगळं ठेव, प्रत्येक पावती जप आणि दर तीन महिन्यांनी हिशोब तुझ्या भावाला आणि काकांना पाठव, त्यांनी मागितला नाही तरी. भांडणं पैशांपेक्षा संशयावरून जास्त होतात.

यात एका गोष्टीला खरोखर घाई आहे. आत्यांना अजून समजतं, सही कशाची हे कळतं, तोवर वकिलांकडे जा. बऱ्याच देशांत साधं मुखत्यारपत्र, देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की आपोआप निरुपयोगी ठरतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हा. तुमच्याकडे कायदा काय म्हणतो आणि नंतरही टिकेल असा कागद कुठला, हे वकिलांना याच शब्दांत विचार. त्याच बैठकीत आत्यांनाही विचार की पुढे नळीने अन्न द्यायचं का, कृत्रिम श्वासावर ठेवायचं का. विचारताना जीभ अडखळेल. मी यजमानांना विचारलं नव्हतं, आणि मग त्यांच्या वतीने उत्तरं देताना प्रत्येक वेळी अंधारात चालल्यासारखं वाटलं.

एवढं झालं की जागा बघायला जा. पहिल्यांदा त्यांनी दिलेल्या वेळी, दुसऱ्यांदा न सांगता, संध्याकाळी. डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज ढासळत जाणं (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार), असलेल्या पुष्कळ माणसांची घालमेल दिवस कलताना वाढते. तेव्हा तिथली माणसं कशी वागतात, त्यावरून त्या जागेची पारख होते. कोणी "मला घरी जायचंय" म्हणून दार ठोठावत असेल तर अटेंडंट काय करते ते बघ. "हेच तुमचं घर" म्हणून वाद घालते, की हात धरून दोन फेऱ्या मारते आणि घरी कोण कोण आहे ते विचारते? दुसरी असेल तर त्या ठिकाणच्या भिंतींचा रंग उडालेला असला तरी मला चालेल.

बागेकडे, फर्निचरकडे कमी बघ. राहणाऱ्यांची नखं बघ, चष्म्याच्या काचा बघ, कानाचं यंत्र कानात आहे की कपाटात ते बघ. पलंगावरून संडास दिसतो का? दिसला तर माणूस बरेच दिवस स्वतःहून जातो. जमिनीवर काळी पायपुसणी आहेत का? त्यांना ती खड्ड्यासारखी भासू शकतात आणि पाय अडतो. रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी, आणि त्यातले जागे किती, हे विचार. तिथे सगळ्यांत जुनी अटेंडंट किती वर्षं आहे, हेही. दर सहा महिन्यांनी माणसं बदलत असतील तर आत्यांची सवय कोणाला कळणार? नेदरलँड्समध्ये २००९ साली होगेवेक नावाची डिमेन्शिया झालेल्यांची वस्तीच उभी राहिली. तिथे एका घरात सहा-सात जण राहतात, रोज त्याच ओळखीच्या चेहऱ्यांत. तसं सगळीकडे मिळणार नाही, पण लहान गट आणि तीच ती माणसं, एवढं शोधता येतं.

एक प्रश्न मात्र डोळ्यांत बघून विचार: माणूस चिडला, मारायला धावला, तर तुम्ही काय करता? "औषध देऊन शांत करतो" हे पहिलंच उत्तर आलं तर सावध हो. मनोविकारांवरची काही औषधं डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ सालीच दिला. लुई बॉडी नावाच्या, डिमेन्शियाच्या आणखी एका प्रकारात तर ती फारच घातक ठरू शकतात. कधीतरी ती लागतात, मी नाकारत नाही. पण आधी बाकीचं बघायला हवं: दुखतंय का, पोट साफ झालंय का, लघवीचा संसर्ग आहे का. एकाएकी वाढलेल्या गोंधळामागे पुष्कळदा असलंच काहीतरी साधं कारण असतं. नवं औषध तुला कळवल्याशिवाय सुरू होणार नाही, हे करारात येऊ दे.

करारात आणखी एक कलम शोध, सहसा मागच्या पानांवर असतं: कोणत्या परिस्थितीत ते माणसाला 'घेऊन जा' सांगू शकतात. अंथरुणाला खिळल्यावर? आक्रमक झाल्यावर? पैसे थकले तर किती दिवसांत? हॉस्पिटलात असताना खोली राखून ठेवतात का, आणि त्या दिवसांचं शुल्क किती? वरवर छान वाटणारी कितीतरी ठिकाणं चालत्या-फिरत्या माणसासाठीच असतात. ती यादीतून आजच काढ.

शक्य असेल तर आधी दोन आठवड्यांसाठी ठेवून बघ. जाताना आत्यांची रोजची चादर, उशाशी असतं ते घड्याळ आणि एका कागदावर त्यांची ओळख लिहून दे: कुठल्या हाकेला ओ देतात, कशाने घाबरतात, झोपण्यापूर्वी काय लागतं. "मी त्यांना टाकून आले" असं पहिल्या रात्री वाटेल. मलाही वाटलं होतं. पण अंघोळ घालण्याची, गोळ्या देण्याची झटापट दुसऱ्या कोणी उचलली तेव्हा कितीतरी दिवसांनी मी त्यांच्या शेजारी नुसती बसू शकले, बायको म्हणून.

कुठेही सही करण्याआधी करारपत्राची प्रत मला पाठव. चष्मा लावून ओळ न ओळ वाचीन. आणि न सांगता जायची ती संध्याकाळची खेप असेल ना, तेव्हा मला बोलाव. मी येते.

तुझ्या बाई